गुडघ्यात गेलेल्या गोळ्या

आमच्या घरात औषध कधी ज्याचं त्याने घेतलं नाही. एकासाठी खोकल्याची बाटली आणली की ती सगळ्यांची. सासूबाई तर शेजारणीच्या डोळ्यांत घालायचे थेंब स्वतःच्या डोळ्यांत घालून येत आणि बरं वाटलं म्हणत. या सवयीपायी आमच्या यांचा, माझ्या नवऱ्याचा, पाय जायची वेळ आली होती. ते कुणाला नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहून ठेवते.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. हिंगणीच्या शेतात वखरताना पास, म्हणजे वखराचं लोखंडी पातं, यांच्या नडगीला लागली. वरून जखम भरली, आत हाड नासत गेलं. मग नडगीला बारीक भोक पडलं आणि त्यातून पू येऊ लागला. वर्ध्याच्या डॉक्टरांनी हाड खरवडलं आणि सहा आठवड्यांचं औषध दिलं. लाल-काळी कॅपसूल दिवसातून चार वेळा, आणि दर वेळी सोबत एक पांढरी गोळी.

डॉक्टर यांना समजावत होते, मी दाराशी उभी होते.

"जंतू मारते ती कॅपसूल. पण ती लघवीवाटे लवकर निघून जाते. ही पांढरी गोळी तिला अंगात जास्त वेळ थांबवून धरते. गोळी जंतू मारत नाही. ती आहे सांध्यांच्या दुखण्याची, पण इथे आपण तिच्याकडून दुसरं काम करून घेतोय. पाणी भरपूर प्या."

चिठ्ठीवर त्यांनी मराठीत लिहिलं, दोन्ही सोबत. खाली दोन रेघा ओढल्या.

मला ते लगेच कळलं. वांग्याच्या वाफ्याला पाणी सोडलं आणि खालचं तोंड बांधलं नाही, तर पाणी मुळाशी मुरायच्या आधीच पुढे निघून जातं. गोळी म्हणजे ते तोंड बांधायची माती. परत येताना एसटीत मी यांना तसं सांगितलं.

"चौथी शिकली तू, आन् मले डाक्टरी शिकवून राह्यली," हे म्हणाले. पुढच्या बाकावरचा माणूस हसला. मी सेलूपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले.

पहिला आठवडा बरा गेला. पुढच्या गोळ्या हे सेलूच्या दुकानातून आणायला गेले. दुकानदाराने चिठ्ठी बघून विचारलं, "पायाच्या जखमेले ही सांध्याची गोळी कायले जी? घरी कोणाचे गुडघे दुखते काय?"

सासूबाईंचे दुखत होते. यांना तर निमित्तच हवं होतं. गोळी कॅपसूलला थांबवते म्हणजे आपली लघवीच बंद करणार, असं यांनी पहिल्या दिवसापासून मनात धरलं होतं. घरी आले ते पुडी सासूबाईंच्या हातात देऊन मोकळे झाले.

"घे माय. सांध्याची हाय. मले नाई पेशाब बंद करून घ्याची."

"आन् तुह्या पायाले?"

"पायाले कॅपसूल हाय ना. खरं औषध तेच."

मी चुलीपाशी होते. म्हटलं, "अवो, डॉक्टरनं दोन्ही सोबत लिवलं हाय."

"माह्या गुडघ्यावर डोया हाय काय वं तुह्या?" सासूबाई म्हणाल्या.

झालं. मी चुलीकडे वळले. त्या रोज सकाळी गुळाच्या खड्यासोबत गोळी खायच्या, चघळून, आणि मग अंगणात चार पावलं चालून दाखवायच्या. हे कॅपसूल घ्यायचे तेही नुसत्या घोटभर पाण्यावर. आणि पट्टीच्या चिंध्या उकळायच्या मी. पू कमी व्हायचं नाव नव्हतं. चिंध्यांचा तो वास हाताला राहायचा, भाकरी थापताना यायचा. मला कळत होतं काय चुकतंय. पुडी उचलून लपवून ठेवणं काही अवघड नव्हतं. मी लपवली नाही. त्या दोघांचा राग येतो त्याहून जास्त मला माझाच येतो.

सहा आठवड्यांनी आम्ही वर्ध्याला गेलो. सासूबाईही आल्या, जाता जाता गुडघे दाखवू म्हणून. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला. बराच वेळ बघितला.

"काहीच फरक नाही. हे औषध लागू पडत नाही तुम्हाला. पुन्हा खरवडावं लागेल. त्यानेही नाही भागलं तर पायाचा विचार करावा लागेल."

हे जमिनीकडे बघत राहिले. सासूबाई छताकडे. दोघांपैकी एक तरी बोलेल म्हणून मी थांबले. डॉक्टर कागदावर लिहायला लागले.

"पहिल्या आठवड्यानंतर पांढऱ्या गोळ्या यांनी घेतल्याच नाहीत," मी म्हणाले. इतक्या हळू की डॉक्टरांनी परत विचारलं. मी परत सांगितलं.

"नाहीत? मग कुठे गेल्या?"

सासूबाईंकडे बघत माझ्या तोंडून निघून गेलं, "आत्याबाईच्या गुडघ्यात."

डॉक्टरांनी पेन ठेवला. आधी हसले, मग असे चिडले की बाहेरची माणसं आत डोकावायला लागली. शेवटी माझ्याकडे बोट करून म्हणाले, "आणखी सहा आठवडे बघू. गोळी या बाईंच्या हातूनच घ्यायची. नाहीतर पाय कापायची तयारी ठेवा."

त्या सहा आठवड्यांत मी दिवसातून चार वेळा यांच्यासमोर उभी राहिले. एका हातात कॅपसूल आणि गोळी, दुसऱ्या हातात तांब्या. गिळेपर्यंत हलायचे नाही. प्रत्येक वेळी लघवीला जाऊन आले की हे सांगत, "झाली बुवा." सासूबाई माझ्याशी बोलत नव्हत्या. शेजारणीला मात्र मोठ्याने ऐकवत, "माह्या तोंडातली गोळी काढली सुनेनं."

तिसऱ्या आठवड्यात पट्टी कोरडी निघाली. सहाव्यात भोक बुजलं. डॉक्टर खूश झाले, यांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "या वेळी शहाण्यासारखं घेतलंत!" हे हसले. मी दाराशीच होते.

परवा शेजारच्याला कसल्याशा कॅपसुला आणि गोळ्या मिळाल्या. हे त्याच पायावर ताठ उभं राहून त्याला अंगणात सांगत होते, "दोन्ही सोबत घेजो बरं! वाफ्याचं तोंड नाई बांधलं तं पाणी थांबते काय?"

मी आत तांदूळ निवडत होते. ताटातला खडा उचलून दारातून बाहेर फेकला. तो त्यांच्या पायाशी पडला. त्यांनी वळूनही पाहिलं नाही.