शेवटची होडी

बोरिवलीच्या बाजारात सुक्या बोंबलांचा वास आला आणि हातातली यादी वाचायची राहून गेली. मी वीस वर्षं मागे गेले, खाडीपलीकडच्या मनोरीत, एका कौलारू घराच्या ओटीवर. समोर धक्का, अंगणात बांबूंवर जोडीजोडीने टांगलेले बोंबील, आणि मी एकटी.

लग्नानंतर पहिल्यांदाच, फक्त स्वतःसाठी, दोन दिवस मी ते घर भाड्याने घेतलं होतं. निघताना फ्रिजवर यादी लावली होती: डब्यांच्या जागा, दुधाची वेळ, सासूबाईंच्या गोळ्या. तरी पोहोचून दोन तास झाले नाहीत तोच घरमालकीण मावशींच्या फोनवर नवऱ्याचा फोन.

"अगं, हिंग कुठेय? आई जाम चिडलीय. संध्याकाळच्या होडीने परत ये ना."

"यादीत सातव्या ओळीत बघ."

"यादी कोण वाचत बसणार? तू ये."

समोर धक्क्याला होडी उभी होती, माणसं अजून चढत होती. मी म्हणाले, "शेवटची होडी गेली रे," आणि फोन ठेवला.

मावशी बोंबील काढून टोपलीत भरत होत्या. त्यांनी एकदा होडीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"गेली म्हणजे गेली," त्या म्हणाल्या. "चहा टाकते."

तेव्हा ते खोटं मला दोन्ही दिवस टोचत राहिलं. आज अजिबात टोचत नाही. माझी चूक एकच झाली, घर आठवडाभरासाठी घ्यायला हवं होतं.