बरणीतली तर्री

"अवो, ठेवा ते बरणी खाली! नाहीतर शेजाऱ्यायले बोलावतो मी!"

बायको ओरडत होती. आवाज असा, की इतवारी बाजारातल्या हातगाड्या आपोआप बाजूला झाल्या असतील, आणि इतवारी आमच्या घरापासून चांगली तीन मैल. मी ताटावर बसलो होतो. पुढ्यात बेसनाचे गोळे घातलेल्या गोळाभाताचा डोंगर, हातात चिनीमातीची बरणी, आणि बरणीतून लालभडक तर्रीची धार निम्म्या भातावर उतरलेली.

ही तर्री बरणीत आली कशी, ते आधी सांगतो.

मी तेव्हा सदर भागातल्या एका सरकारी कचेरीत जीप चालवत होतो. पोट एवढं पुढे आलं होतं, की वळणावर हॉर्न मी नाही, पोटच वाजवायचं. वार्षिक तपासणीत डॉक्टरांनी दंडाला रक्तदाबाचा पट्टा गुंडाळला, तर पारा असा चढला की ते नळी सोडून छताकडे पाहू लागले. म्हणाले, "तेल कमी करा, वजन उतरवा. तीन महिन्यांनी पुन्हा पाहतो. असंच राहिलं तर गाडी बंद. मग टेबलाशी बसून पाकिटं चिकटवा."

पाकिटं! चिखलदऱ्याचा घाट एका हातानं उतरणारा माणूस मी, आणि डिंक लावत बसू? घरी येऊन जाहीर केलं, प्राण गेला तरी स्टिअरिंग सोडणार नाही.

बायको म्हणाली, "प्राण राहू द्या. तर्री सोडा."

तिनं जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर हप्त्याचं वेळापत्रक लिहून भिंतीला ठोकलं. सोमवारी ज्वारीची भाकर आणि वरण, मंगळवारी अंबाडीची भाजी, बुधवारी मूग. रविवारी गोळाभात, पण वरून तेल एकच चमचा. रोज रश्शावर तरंगणारी तर्री ती पळीनं काढून घ्यायची. ती फेकायला निघाली तेव्हा मीच साळसूदपणे म्हणालो, "फेकतं काहून? बरणीत ठेव. फोडणीले कामी येईन." तिला पटलं. तिथंच ती फसली.

सहा दिवस मी साधूसारखा जेवलो. काकडी अशी कचाकचा खायचो, की गल्लीतली गाय दारात उभी राहून हेव्यानं बघायची. आणि रविवारी हात बरणीकडे गेला. आम्ही उपास करतो तेच असे: दिवसभर पाण्यावर, आणि सोडताना दोन माणसांचं जेवण.

"सहा दिवसाचा उपास सोडून राहिलो!" मी बरणी न ठेवता म्हणालो.

"हप्त्याचं तेल एका बैठकीत पिऊन राहिले तुमी! डॉक्टर काय पाहीन? उपास, का पोट?"

मी पोटाकडे पाहिलं, बरणीकडे पाहिलं. बरणी खाली ठेवली. तर्रीचा भात तिनं बाजूला सारला, कोरा भात मला वाढला. मी तो खाल्ला, आणि उठल्यावर भिंतीवरच्या कागदाखाली स्वतःच्या हातानं एक ओळ वाढवली: महिन्याचं तेल आणल्या दिवशीच चार बाटल्यांत भरायचं. हप्त्याला एक. संपली की सोमवारपर्यंत फोडणी बंद.

पहिली बाटली गुरुवारीच आटली. तीन दिवस उकडलेल्या डाळीवर लिंबू पिळून खाल्लं, डोळ्यांतून पाणी काढत, पण खाल्लं. पुढच्या हप्त्यात बाटली शनिवारपर्यंत पुरली. पुढे रश्शावर काढायला तर्रीच उरेना. कचेरीसमोरचा, पोह्यांवर तर्री ओतून देणारा पोहेवाला पडेल आवाजात विचारायचा, "काहून गा, आजही कोरेच?" मी म्हणायचो, "कोरे. कांदा जास्त टाक." जीप कचेरीत लावून घरी पायी यायचो. चपलांचे तीन जोड झिजले. बरं, दोन.

तीन महिन्यांनी डॉक्टरांनी पट्टा दोनदा गुंडाळला. यंत्र बिघडलं की काय म्हणून एकदा स्वतःच्या दंडालाही गुंडाळून पाहिला. मग कागदावर सही केली: गाडी चालवण्यास योग्य.

फाटकातूनच ओरडलो, "पास झालो वं! स्टिअरिंग माह्यंच! चढव गोळाभात, अन् बाटली आण अख्खी!"

तिनं हात पुसले, डॉक्टरांचा कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, घडी करून देवाच्या फोटोमागे ठेवला.

"आज मंगळवार आहे," ती म्हणाली. "अंबाडी शिजून राहिली."