रोम गेलं, अन् मी पिठलं नेलं

पिंपळकर सरांच्या ओट्याला ज्याच्या घराची भिंत लागून आहे, त्याला किस्से गोळा करावे लागत नाहीत. मी भाजी निवडत बसते, कान तिकडे. भाजी संपते, किस्से उरतात. भद्रावतीत आम्ही बावीस वर्षं शेजारी आहोत, म्हणजे बघा किती साचले असतील.

सर इतिहासाचे शिक्षक, आता रिटायर. समोरच्या घरातले वामनभाऊ माजरीच्या कोळसा खाणीतून रिटायर. संध्याकाळी टीव्हीवरच्या बातम्या बघून झाल्या की दोघं ओट्यावर येऊन बसत.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सर अगदी हळहळून सांगत होते, "रोम हळूहळू गेलं हो, वामनराव. आतूनच पोखरलं होतं. घरच्यांना कळलंसुद्धा नाही."

मला वाटलं, कोणाचं लेकरू गेलं. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून मी पिठलं-भात केला, डबा घेऊन गेले आणि सरांच्या बाईंना हळूच विचारलं, "बाई, रोम तुमचं कोन लागे?"

बाई हसून हसून रडल्या. सर हसले नाहीत. डबा हातात घेत म्हणाले, "जवळचंच होतं, शोभाबाई."

*

त्या दिवसापासून ओट्यावर मलाही खुर्ची मिळाली. मग समजलं की रोम म्हणजे फार जुनं, फार मोठं राज्य. आधी तिथं सभा कारभार करायची, मग एकेकाच्या हातात सगळं गेलं. आपला देशही त्याच वाटेनं चालला आहे, असं सरांचं म्हणणं.

बोलायचे देशाचं, पण त्यांचा जीव अडकला होता वाचनालयात. समाजमंदिरामागची ती एक खोली. सर रोज सकाळी कुलूप उघडायचे. गडचिरोलीकडच्या जंगलातल्या गावांतून आलेल्या पोरी तिथं पोलीस भरतीचा अभ्यास करायच्या. आमच्या वॉर्डाच्या नगरसेवकांना, म्हणजे भाऊंना, ती खोली जनसंपर्क ऑफिससाठी पाहिजे होती.

*

एकदा सरांनी सांगितलं, रोमच्या एका राजाला आपल्या घोड्यालाच मोठं पद द्यायचं होतं म्हणे.

वामनभाऊ सुपारी कातरत होते. मान वर न करता म्हणाले, "घोडा बरा. तो पक्ष तं नाई बदलवत."

*

निवडणुकीआधी भाऊंनी ऑर्केस्ट्रा आणि मसालेभात ठेवला. सर तासभर बोलले. रोममध्येही लोकांना फुकट धान्य आणि खेळ देऊन असंच गप्प बसवायचे.

सकाळी अंगण झाडताना मला त्यांच्या कुंपणापाशी भाताची पत्रावळ दिसली. मी कुठली गप्प बसते! विचारलंच.

"अभ्यासाकरता आणली होती," सर म्हणाले.

"मीठ कमी होतं ना?"

"छे. बरोबर होतं."

*

निवडून आल्यावर भाऊंनी पक्ष बदलला. चौकातला फ्लेक्स मात्र तोच ठेवला, वरच्या पुढाऱ्यांच्या चेहऱ्यांवर नवे चेहरे चिकटवले. सर म्हणाले, रोममध्ये पुतळ्यांची मुंडकी बदलायचे, धड तेच.

मी फ्लेक्स नीट बघून आले होते. म्हटलं, "खाली शुभेच्छुकांत वामनभाऊबी आहेत."

वामनभाऊंनी अडकित्ता मिटून खिशात ठेवला. मग म्हणाले, "मले कोनी विचारलंच नाई."

"काढायला सांगा मग," सर म्हणाले.

वामनभाऊंचा जावई भाऊंच्या शब्दावर कामाला लागला होता. फोटो तिथंच राहिला.

*

मग वॉर्डाची सभा लागली. विषय एकच, वाचनालयाची खोली.

आदल्या संध्याकाळी सर आम्हा दोघांना म्हणाले, रोममधली सभा शेवटपर्यंत भरत होती. खुर्च्या होत्या, माणसं होती, फक्त 'नाही' म्हणणारं कोणी उरलं नव्हतं. "उद्या तुम्ही बोलाल ना?"

आम्ही दोघांनीही हो म्हटलं. खरंच मनापासून म्हटलं.

समाजमंदिर भरलं होतं. भाऊ माइकवर गोड बोलले, पुस्तकं कपाटात नीट ठेवू म्हणाले, आणि शेवटी विचारलं, "कोनाचा विरोध आहे काय?"

वामनभाऊ मोबाइल बघत होते. माझ्या घरासमोरची नाली त्याच आठवड्यात मंजूर व्हायची होती. मी चपलेकडे बघत होते.

सर उठले. जन्मभर पुस्तकासारखं बोललेला माणूस, पण त्या दिवशी सगळ्यांना कळावं म्हणून असेल, आमच्यासारखंच बोलले. दोन्ही हातांनी समोरची खुर्ची धरून, होता नव्हता तेवढा जोर लावून म्हणाले, "नाई!"

भाऊंनी माइक तोंडाजवळ घेतला. मग हसले.

"आयका! सरांचाबी विरोध नाई!"

टाळ्या पडल्या. सर पुढं काहीतरी सांगत होते, पण माइक भाऊंच्या हातात होता. मग सरांनी वळून माझ्याकडे पाहिलं.

मी टाळ्या वाजवत होते.