दोन शेगड्यांचा फ्लॅट

आईला एकदा विमानात बसवायचं आणि समुद्र दाखवायचा, हे माझ्या मनानं घेतलं होतं. वडील गेल्यापासून ती आष्टीत एकटीच राहायची. माझं सासर आणि नोकरी जालन्यात. दिवाळीच्या सुट्टीत पोरीची शाळा बंद, नवऱ्याला रजा मिळत होती, म्हणून दुबई ठरवली. चार रात्री. आम्ही तिघं आणि आई. आई लगेच हो म्हणाली, मलाच नवल वाटलं. पासपोर्टच्या फोटोला तिनं ठेवणीतली साडी काढली.

अडचण एकच, तिच्या जेवणाची. आई बाहेरचं खात नसे. लहानपणी मामाकडं बीडला जाताना एसटी शहागडला थांबायची. लोक ढाब्यावर ताटं मागवायचे आणि आई मांडीवर डबा उघडून आम्हाला वाढायची. वडलांचं झालं, पोरांचं झालं, की उरलंसुरलं स्वतः खायची. हिला बाहेरचं चालतच नाही, हे मी तेव्हाच धरून चालले होते.

मंग काय, जेवणाच्या सुट्टीत ऑफिसात बसून मी मोबाईलवर शोधाशोध केली आणि हॉटेल सोडून स्वयंपाकघर असलेला फ्लॅट काढला. नवरा म्हणाला, "चार दिवस फिरायला जायचं अन् तिथं बी भाकरी थापायच्या?"

"तुम्हाला काय कळतं माझ्या आईचं?" मी बिलकुल ऐकून घेतलं नाही.

पुढच्या रविवारी पोरीला घेऊन आष्टीला गेले. आई मेथी निवडत बसली होती. मी यादी वाचून दाखवली. ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, आणि तिचा लोखंडी तवा, तो साडीत गुंडाळून बॅगेत.

"तिथं बी गॅस हाय का गं?" तिनं विचारलं.

"हाय की! दोन शेगड्यांचा. खास तुझ्यासाठी घेतलाय."

"बरं," ती म्हणाली आणि पुन्हा मेथी निवडायला लागली. तवा मी त्याच दिवशी सोबत आणला.

आठ दिवसांनी तिचा फोन आला. "मी न्हाई येत. गुडघे लई दुखून राह्यले."

माझं डोकंच फिरलं. "एवढं सगळं तुझ्यासाठी केलं आणि आता नाटकं? राहा मंग तिथंच!" असं म्हणून मी फोन आपटला. पुन्हा विचारलं नाही, तिनंही विषय काढला नाही.

आम्ही तिघं गेलो. तवा बॅगेतच राहिला. स्वयंपाकाचा कंटाळा आला म्हणून चारही दिवस आम्ही बाहेरच जेवलो. समुद्रावरून आईला व्हिडिओ कॉल लावला. "लई मोठा हाय गं," ती म्हणाली. मंग विचारलं, "जेवलात का? कुठं?"

"हॉटेलात."

"काय काय वाढलं त्यांनी?"

मला घाई होती. "नंतर सांगते," म्हणून फोन ठेवला. ते सांगायचं राहूनच गेलं.

संक्रांत झाली आणि आठवड्याभरात आई गेली. दुपारी जरा पडली ती उठलीच नाही. तेराव्याला काकू म्हणाली, "तिच्या आवडीचं काय करायचं पानात?"

"भाकर आणि मेथी," मी म्हणाले. त्यात विचारायचं काय?

दुबईला नेलेला तोच तवा मी आष्टीला परत आणला होता. भाकरी थापत होते तर पोरगी शेजारी येऊन उभी राहिली. म्हणाली, "मम्मी, आजीला हॉटेलातलं पायजे होतं."

"कोण म्हणालं?"

"आजीच. आपण तवा न्यायला इथं आल्तो त्या दिवशी तू दुकानात गेल्तीस ना, तेव्हा. मला म्हणे, तिथं बसल्या जागी माणूस ताट आणून देतो का गं? बाहेरचं तर आजोबांना चालत नव्हतं. आजीला कोणी विचारलंच नाही म्हणे. चार दिवस चुलीपाशी उभं राहायचं नव्हतं तिला."

"मंग मला का नाही सांगितलंस?"

"आजीनं शपथ घातली. तुझी मम्मी एवढ्या हौसेनं करून राह्यली, तिचं मन नको मोडू म्हणाली."

तव्यावरची भाकर करपली. मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. साधा एक प्रश्न होता गं आई, तोही मी तुला विचारला नाही! काकूनं गॅस बंद केला, मला धरून बसवलं. बराच वेळ मी नुसती रडत होते.

पान तर वाढायचंच होतं. दुसरी भाकर केली, मेथी वाढली, चटणी, भात, वरण, सगळं बराबर मांडलं. ताट दोन्ही हातांनी नेऊन तिच्या फोटोपुढं ठेवलं. जन्मात पहिल्यांदा, आई बसलेली होती आणि मी वाढत होते.