तुराट्यांचं ब्युटाडाइन

मी हे लिहिनारच नव्हती. भालचंद्र सरांचं नाव टाइप कराचं म्हन्लं तरी डोकं तापते. पन काल समजलं का सुचिता मॅडम सोमवारी नाशिकले चालल्या, क्लासवर शिकवाले. मंग राहवलं नाई.

मॅडम म्हंजे आमच्या मेहकरच्या कॉलेजात तासावर केमिस्ट्री शिकवनाऱ्या. गाव सुलतानपूर, बाप पुंजाजी शेतकरी. एसटीत कंडक्टरशी भांडनार, वर्गात आमच्याशी. गोड बोलनं जमतच नाई. हरिओमनं एकदा म्हन्लं, "मॅडम, इम्पॉर्टंट तेवढं सांगा ना." तं म्हने, "घरी जेवताना इचारतं काय बे, यातली इम्पॉर्टंट भाकर कोनती?"

ब्युटाडाइन म्हंजे चार कार्बनची साखळी. पुस्तकात कडेचे दोन बंध दुहेरी, मधला एकेरी. दुहेरी आखूड, एकेरी लांब. झालं, घोका. मॅडम म्हनत, इलेक्ट्रॉन काय दाव्याले बांधलेलं ढोर हाय? थे चारही कार्बनवर हिंडतात, म्हनून मधला बंध आकसतो, कडेचे थोडे लांबतात. किती, थे त्याईनं फळ्यावर गनित करून काढलं. मंग बापाच्या वावरातल्या तुराट्या, तुरीच्या वाळक्या काड्या, आनल्या, अब्जपट मोठ्या मापानं कापल्या, मातीचे गोळे लावले. मधली तुराटी चौदा पॉइंट चार सेंटीमीटर.

मॉडेल लॅबमंदी मांडलं त्या दिवशी पाहनी समिती येनार होती. मॅडमचे पुढच्या वर्साचे तास समितीच्याच शेऱ्यावर. सकाळी विभागप्रमुख भालचंद्र सर आले. हे लॅबमंदी फक्त चहा प्याले येतात.

"मधली काडी आखूड काऊन? एकेरी बंध पंधरा पॉइंट चार."

"थो इथेनचा, सर. हे ब्युटाडाइन हाय."

"मले शिकवता आता?" सरनं स्वतः लांब तुराटी खुपसली. मॅडमनं त्याईच्या समोरच काढून टेबलावर ठेवली अन् आपली लावली.

दुपारी समितीतल्या बाईनं इचारलं, "ही लांबी बरोबर आहे का?"

"हो" म्हनाचं, बस. मॅडम म्हने, "नाही. हा हिशोबातून आलेला अंदाज आहे. प्रत्यक्षात दोनेक मिलिमीटर जास्त, चौदा पॉइंट सहा भरते. इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलतात, ते या हिशोबात धरलेलं नाही."

सर हसले. "बघा. मी सकाळीच म्हटलं होतं, चूक आहे."

समितीनं थेच लिहून घेतलं. तास गेले. दोन मिलिमीटरची चूक सोताहून सांगनारी घरी, अन् आठची ठोकून देनारा विभागप्रमुख. वा रे कॉलेज.

मी मॅडमले इचारलं, "हो म्हनाले काय झालतं?"

"मंग कितीनं चुकते, हे तुले कोनं सांगतलं असतं?"

थे मॉडेल आता सरच्या टेबलावर हाय, मधात त्याईचीच लांब तुराटी घालून. येनाऱ्या-जानाऱ्याले कौतुकानं दाखवतात. थे पाहाले जाऊ नका. सुलतानपूरले उतरा, पुंजाजीचं घर कोनी बी सांगते. सोमवारच्या आंधी जा. मॅडम नीट बोलतीन याची आशा मात्र ठेवू नका. तरी जा.