अनवाणी पायांचा नवस

देवीवर माझा राग होता, हे आधीच कबूल करतो. मी फौजेत होतो तेव्हा आईने तिला बोलून ठेवलं होतं, पोरगं स्वतःच्या पायांनी घरी आलं तर जन्मभर अनवाणी चालीन. मी धडधाकट परत आलो आणि तिचा नवस चारचौघांत कौतुकाने सांगत फिरलो. पुढे तिला साखरेचा आजार निघाला, तरी चप्पल पायात आली नाही.

एकदा शेतात उसाचा खुंट तिच्या उजव्या तळव्यात घुसला. इस्लामपूरच्या डॉक्टरांनी पट्टी केली, गोळ्या दिल्या, चप्पल घालायला बजावलं. जखम काही भरेना. मग एके दिवशी माझ्या बायकोने पाहिलं, आई पट्टी सोडून गोळ्या चुलीत टाकत होती. मी भडकलो. ती शांतपणे म्हणाली, "तुझ्यावरचं माझ्या पायावर आलंय, लेकरा. हितं बरं झालं तर तुझ्याकडं जाईल. ऱ्हाऊ दे." मी ओरडून तिला अडाणी म्हणालो. तिने माझ्याशी बोलणंच टाकलं.

पाय काळा पडला. सांगलीला न्यायला गाडी काढली, तर देवीला भेटल्याशिवाय आई हलेना. देवळाच्या पायरीशी ओटीचं सामान विकणारी एक म्हातारी होती, ना ओळख ना पाळख. तिने पाय पाहिला, सगळं ऐकून घेतलं. मग त्याच दिवशी बाजारातून आणलेला स्वतःचा कोरा चपलांचा जोड देवीच्या उंबऱ्याला टेकवून आईपुढे ठेवला. "आवं आक्का, नवस कवाच फिटला. पोरगं उभं हाय की म्होरं! आता घाला, देवीआईच सांगती."

आई माझ्याकडे बघत राहिली, जणू मी आत्ताच घरी आलो होतो. मग रडली. डाव्या पायात चप्पल घातली आणि उजव्या पायाची मांडीवर घेऊन गाडीत बसली. म्हातारी अनवाणीच परत आपल्या जागेवर गेली.

सांगलीत गुडघ्याखाली पाय काढावा लागला. पण त्यानंतर आईने एकही गोळी चुकवली नाही, नर्सला तीच आठवण करून द्यायची. ही नवी जखम लवकर भरली. आई आणखी तीन वर्षं जगली, हे माझ्या हिशेबी देवीचंच देणं.

ती गेल्यावर जोड सापडला. डावीची टाच झिजलेली, उजवी कोरी. कोरी मी देव्हाऱ्याखालच्या फळीवर ठेवली आहे. रोज तिथे डोकं टेकतो. तेव्हा ओरडण्याऐवजी आईजवळ बसून एवढंच म्हणायला हवं होतं, आई, मी आलोय, नवस फिटला.