खबर देणाराचा रकाना

“हात मागे घे. बाडाला सुकटीचा वास लागला तर उद्या रेकॉर्डात मांजरं बसतील.”

पोलादपूरच्या कचेरीतला कारकून असं बोलला आणि बाकावरची चार माणसं हसली. मी हात मागे घेतला. बाजारात मूठभर जवळ्यासाठी अर्धा तास भांडणारी मी. कचेरीत गप्प. आय शेजारी उभी. तिने तर चपला दाराबाहेरच काढल्या होत्या.

एकोणीसशे ऐंशीच्या आसपासची गोष्ट. नवऱ्यानं टाकल्यावर मी माहेरी, आमच्या बौद्धवाडीत राहायचे आणि डोंगरातल्या वाड्यांवर सुकी मासळी विकायचे. गावच्या खोतानं अर्ज केला होता, की वाडीची जागा त्याची, आम्ही मागाहून येऊन बसलेले उपरे. माझा आजा याच गावचा होता असा कागद सुनावणीत दाखवला नाही, तर आठही घरं उठणार होती. तेव्हापासून पत्र्यावर वारा वाजला तरी मला वाटायचं, आले.

म्हणून आज्याच्या मृत्यूची नोंद शोधायला आलो होतो. कारकून पट्टी ठेवून जुन्या रजिस्टरातलं एकेक नाव वाचत होता. वर्षामागून वर्ष गेलं. आजा नाही.

“तुझा आजा मेलेलाच नाही गं. अमर दिसतो. घरी जाऊन बघ, बसला असेल चुलीपाशी.”

पुन्हा हशा.

आय कुजबुजली, “चल गो. नाय तर नाय.”

पण मला एक सवय होती. घाऊकवाल्याच्या हातातली चिठ्ठी समोरून उलटी वाचायची. त्याशिवाय भाव पाडता येत नाही. कारकुनाची पट्टी मेलेल्यांच्या नावावर होती. माझी नजर पानाच्या पार कडेला गेली. ‘खबर देणाराचे नाव.’ खाली उलट्या अक्षरांत: सोन्या महार, राहणार सदर. म्हणजे याच गावचा. खाली पुन्हा सोन्या. पुढच्या पानावर सोन्या.

घरी आम्ही त्याला सोनबा म्हणतो. गावात कुणी मेलं की खबर पोचवायची ती महारानं. पाटलाला द्यायची, मग आंबेनळी घाट चढून पाहुण्यांना. अंगणाबाहेर उभं राहून ओरडून सांगायची. पायरी चढायची नाही. अख्ख्या गावाची मरणं त्याच्या तोंडून सरकारात गेली. त्याचं मरण सांगायला कुणी गेलं नाही. ते काम त्याचंच होतं ना.

मी बोट दाखवलं. “हा माझा आजा. याची नक्कल द्या.”

कारकुनानं बाड मिटलं. “नक्कल मयताची मिळते. खबऱ्याची नाही. ऊठ.”

हे बाड आज कपाटात गेलं की उद्या सापडणार नाही, एवढं मला कळत होतं. मी मिटलेल्या बाडावर हात ठेवला. वासाचा, घामानं ओला हात.

“मग मयताचीच द्या. खोताच्या आज्याची. सगळ्या रकान्यांसकट.”

आता कुणी हसलं नाही.

“खोतांच्या आज्याशी तुझा काय संबंध?”

“त्याच्या मरणाची खबर माझ्या आज्यानं दिली, भाऊसाहेब. अजून काय संबंध पायजे? अर्ज घेत नसाल तर तसं लिहून द्या.”

लिहून द्यायला तोही घाबरतो, हे मला त्या दिवशी कळलं. त्यानं अर्ज घेतला.

नक्कल मिळाली आणि चार दिवसांत कुडपणच्या वाटेवर खोताचा गडी आडवा आला. हसत म्हणाला, “एकटीच फिरतेस गो डोंगरात. पाय घसरला तर घरी कोण सांगणार?”

खाली दरी. डोक्यावर पाटी. तरी बोलले, “खोताला सांग, त्याच्या घरच्या मयतांची अजून बारा पानं हायत. बाराही काढणार.”

तो गेल्यावर मी तिथेच बसकण मारली.

दुसऱ्या दिवशी पहिली एस्टी धरून कचेरीत गेले. पुढच्या मयताच्या नकलेसाठी दुसरा अर्ज लिहिला. त्यात माझं नाव घातलं, बापाचं घातलं आणि आज्याचं. सोनबा. भीती गेली नव्हती, आजही गेलेली नाही. पण मी ठरवलं होतं, आमची घरं उठवायची असतील, तर खोतानं आधी सोनबानं खबर दिलेले आपल्या घरातले सगळे मेलेले खोटे ठरवावेत. तोवर मी जागची हलणार नाही.